त्याच्या मोरीचं पाणी, आमचं पेव

कुजलेल्या ज्वारीचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. आज एवढं वय झालं, तरी ओल्या पोत्याजवळून गेलो की नाक दाबतो, आणि नाक दाबलं की आमचा शेजारी आठवतो.

निजामाचं राज्य होतं. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडं आमचं गाव. वर्षाची ज्वारी आम्ही पेवात ठेवायचो. पेव म्हणजे अंगणात खोल खणलेला, तोंड लहान अन् पोट मोठं असा खड्डा. आतून कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड आणि वर मातीचा लेप. कोरडं राहिलं तर दाण्याला काही होत नाही. हे शेजाऱ्याला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याच्या घरीही पेव होतं! ते वाचावं म्हणूनच तर त्या पठ्ठ्यानं न्हाणीची मोरी आमच्या पेवामागच्या भिंतीच्या बुडाशी काढली. माणसांच्या आंघोळी, म्हशींचं धुणं, सगळं तिथंच मुरायचं. वडील दोनदा सांगायला गेले. दोन्ही वेळा त्यानं पानाचा डबा पुढं केला आणि म्हणाला, "अहो, जमीनच पिऊन टाकती पाणी."

घरातल्या कणगीतली ज्वारी सरली तेव्हा पेव उघडलं. आतली वाईट हवा जावी म्हणून ते आधी दिवसभर उघडं टाकायचं असतं. घडीभरातच वास गल्लीभर झाला आणि बायका नाकाला पदर लावून बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी वडील आत उतरले. त्यांनी वर दिलेली पहिली पाटी काळी, लिबलिबीत, वळवळती निघाली. शी! मधली ज्वारी तेवढी वाचली होती, पण तिलाही तोच वास. आईनं पाटीत हात घालून एखादा चांगला दाणा सापडतो का बघितलं. पुढचं पीक कधी येणार, आणि तोवर घरात खायला दुसरं काय होतं?

कचेरीत जावं तर तिथला सगळा कारभार उर्दूत, आणि फेऱ्या मारून चपला झिजायच्या. म्हणून गावातलेच पंच बसले. शेजाऱ्यानं सरळ देवीचा भंडारा उचलला. "माझ्या मोरीचं पाणी त्येंच्या पेवात गेलं असंल, तर माझं वाटोळं होईल," म्हणाला. आणि वर तो भंडारा कपाळाला लावला मेल्यानं. देवीची शपथ झाल्यावर पंचांनी ती खरी धरली. "मंग झालं. मनात काही ठेवू नगा. एका पंगतीला बसा," असं सांगून मोकळे झाले. आणि पंगत कुणाच्या घरी? तर आमच्या! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आईनं चूल पेटवली. त्याच ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि सगळ्यांना वाढल्या. पंचांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडं बघितलं. एकानं तो हळूच बाहेर काढून बाजूला ठेवला. शेजाऱ्याला मात्र माघार घेता येईना. तोंड वाकडं केलं असतं तर शपथेचं काय? तो मटामटा खात राहिला. "काय वाईट हाय हिला? झकास हाय की! उगाच बोंब मारली तुम्ही," म्हणाला आणि वर आणखी एक भाकरी मागून घेतली. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि चुलीपासूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "बरं झालं दादा, तुम्हाला आवडली. मंग आमची ज्वारी तुम्ही न्या, तुमची आम्हाला द्या. मापाला माप. चांगलीच हाय म्हणता, तर तुमचं काय जातंय?"

शेजाऱ्याला ठसका लागला. पंच खो खो हसले. "बराबर हाय," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "उद्याच करून टाका." दुसऱ्या दिवशी माप झालं. त्याची पांढरी, टपोरी ज्वारी आमच्या कणगीत आली, आणि त्या रात्री आम्ही सगळे पोटभर जेवलो.

चार-सहा दिवसांनी त्याच्या सालगड्याची बायको आमच्या दारात आली. तिच्या पदरात मूठभर ज्वारी होती. ती दाखवण्याआधीच मला वास आला.

"आक्का, वंजळभर चांगलं पीठ द्या ह्यात मिसळायला," ती म्हणाली. "मालकानं सालाच्या मजुरीच्या दाण्यात हीच घातली. लेकरं तोंड लावंनात. बोललो, तर मालक म्हणतो, पंचांनी खाल्ली, तुम्हाला काय धाड भरली?"

"किडे पडतील मेल्याच्या तोंडात!" आई ओरडली. मग तिनं कणगीत हात घातला आणि पाटी भरून त्या बाईपुढं ठेवली. म्हणाली, "ही ने, आणि तुझी निम्मी इकडं आण."

वडील म्हणाले, "अगं, हे काय करून राह्यलीस? मिटलं की आपलं."

"मिटलं कुठं? आपली घाण मीच तर धाडली तिच्या घरी."

त्या वर्षी सुगी येईपर्यंत आमच्या भाकरीला तो वास होता. भिंतीपलीकडं शेजारी म्हशी धूत होता, आणि पाणी अजून तिथंच मुरत होतं.