सुईची उडी

व्होलोस बंदरातल्या एवांथियाबाईंच्या कॅफेत नाणं टाकून गाणी लावायचं जुनं यंत्र होतं. ते चालू ठेवायचं काम तीस वर्षं पोलिख्रोनिसकडे होतं. जुन्या सिनेमांची गाणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यातलं सगळ्यांच्या आवडीचं एक गाणं मात्र त्याला सलायचं. तबकडीला ओरखडा होता, त्यामुळे दुसऱ्या कडव्यात सुई एक ओळ गाळून पुढे उडी मारायची.

एवांथियाबाईंच्या मुलीचं, द्रोसुलाचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं की त्या दिवशी तरी गाणं अखंड वाजवायचं. अथेन्सच्या जुन्या बाजारात दोन दिवस पायपीट करून त्याने त्याच गाण्याची नवीकोरी तबकडी मिळवली.

लग्नाच्या दुपारी पाहुणे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचू लागले. दुसऱ्या कडव्यात ती गाळलेली ओळ वाजली आणि अख्खी रांग एकमेकांच्या पायांत अडखळली.

"पोलिख्रोनिसा, हे मध्येच काय घुसवलंस?" एवांथियाबाईंनी विचारलं.

"बाई, ते गाण्यातलंच आहे."

"असेल. आमच्या पायांना सांग."

त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात द्रोसुला जुनी तबकडी घेऊन आली. "काका, आपलं गाणं लावा ना. आणि आज यंत्राला टेकून उभं राहायचं नाही."

तिने त्याला ओढत रांगेत नेलं. सुईने उडी मारली, सगळ्यांचे पाय एकदम उचलले गेले. पोलिख्रोनिसने खाली पाहिलं, तर त्याचाही पाय हवेत होता, अगदी वेळेवर.