विहिरीवरची नर्स

खामगावच्या जुन्या दवाखान्यात भूत आहे, हे उकंडरावांइतकं खात्रीनं दुसरं कुणी सांगू शकत नव्हतं, कारण ते त्यांनीच तिथं आणून बसवलं होतं.

माणूस तसा सरळ. आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलेलं. जन्म मात्र याच दवाखान्यातला. कापसाच्या कुण्या व्यापाऱ्यानं बांधलेली ती दगडी इमारत तेव्हा गजबजलेली असे. डॉक्टरीणबाईंनी जिवाचं रान करून मायलेकरांना वाचवलं आणि घरच्यांनी सगळं श्रेय उकिरड्याला दिलं. खरं काय आणि लोकांना पटतं काय, यातला फरक उकंडरावांना असा बाळघुटीतूनच मिळाला होता.

पुढं दवाखाना बंद पडला. वारस परगावी गेले. मागं राहिलं मोठं आवार आणि बारमाही पाण्याची विहीर. उकंडरावांचं घराणं भाजी पिकवणारं, पण वडिलांच्या मळ्याच्या इतक्या वाटण्या झाल्या होत्या की यांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात बैल वळवायची सोय नव्हती. भिंतीच्या खिंडारातून आत शिरून त्यांनी आधी मेथीचा एक वाफा टाकला, मग पालक, मग सांबार, म्हणजे कोथिंबीर. कुणी विचारलं नाही. त्रास होता तो पत्ते खेळायला येणाऱ्यांचा. ते वाफे तुडवत. शेवटी उकंडरावांनी पानटपरीवर सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की बाळंतिणींच्या वॉर्डात पांढऱ्या साडीतली एक नर्स फिरते. महिन्याभरात आवार ओस पडलं. नर्सनं पगार न घेता राखण केली आणि मेथीनं संसार चालवला.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून ऋत्विक आणि योगिनी अशी दोघं आली. बंद पडलेल्या इमारतींत शिरायचं, व्हिडिओ काढायचे, हा त्यांचा छंद, आणि पोटही त्याच्यावरच. नर्सची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. भरदुपारी कपाळाला बॅटऱ्या बांधून दोघं वॉर्डावॉर्डांतून हिंडली. गंजलेल्या खाटा, फुटलेल्या फरश्या, भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा उडालेला त्रिकोण, सगळं टिपून झाल्यावर त्यांनी वाफ्यात बसलेल्या उकंडरावांना विचारलं, की आजोबा, खरंच आहे का हो?

नाही म्हटलं असतं तर दोघं आल्या वाटेनं गेली असती. पण समोर कॅमेरा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांचं इतकं मन लावून ऐकत होतं. उकंडराव रंगले. त्यांनी नर्सला रुक्मिणीबाई हे नाव दिलं, मग एक अडलेलं बाळंतपण आणि त्याचं दुःख दिलं. ती अजून दिसते का, असं योगिनीनं डोळे मोठे करून विचारलं, तेव्हा तर त्यांना राहवलंच नाही.

"दिसते म्हंजे? रोज विहिरीवर येते. पाणी काढते, हात धुते."

सांगताना त्यांच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला.

तो व्हिडिओ घरोघरी पाहिला गेला. त्यात विहीर होती, विहिरीत सोडलेला पाइप होता, आणि पाइपाचा माग काढत कॅमेरा उकंडरावांच्या मेथीपाशी येऊन थांबला होता. वर काळजात धस्स होईल असं संगीत. मेथी दिसत होती मात्र फार देखणी.

आठवडी बाजारात त्यांच्या पोत्याभोवती चिटपाखरू फिरकेना. शेजारच्या तानुबाईची भाजी दुपारपर्यंत संपली. उकंडराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, की भूतबीत काही नाही, ते मीच रचलं. मनकर्णाबाई त्यांचं जुनं गिऱ्हाईक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कळवळून म्हणाली, "ज्याले धरलं तो असंच बोलते, भाऊ." मग तिनं तानुबाईकडं पालक घेतला.

असे तीन-चार बाजार गेले. मेथी पिवळी पडायला लागली. पोटापुरती दुसरी जमीन नव्हती, दुसरा धंदा येत नव्हता. दवाखान्यातला हा मळा सुटला तर या वयात कुणाच्या तरी वावरात निंदायला जावं लागणार, हे त्यांना दिसत होतं आणि झोप लागत नव्हती. तेवढ्यात त्यांना बायको आठवली. अन्नपूर्णाबाईंच्या शब्दाला गावात किंमत होती. त्या खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी बाजारात येऊन नुसतं सांगायचं, की आम्ही हीच भाजी वर्षानुवर्षं खातो, आम्हाला काय झालं?

अन्नपूर्णाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी लबाड नाही बोलणार."

"लबाड काय हाये त्यात?"

"तुमी आणलेली भाजी म्या कधी चुलीवर चढवलीच नाही. ते बकरीले घालते. आपल्याले तानुबाईजवळून आणते."

काऊन, असं उकंडरावांनी विचारलं.

"घरात लेकरं होती जी. अन् नर्स फिरते म्हून तुमीच तं सांगत होते. तुमच्यावर इश्वास नाही ठेवू तं कोणावर ठेवू?"

संध्याकाळी ताटात तानुबाईचीच मेथी आली. आपल्या हातची म्हणून इतकी वर्षं ते तिचीच तारीफ करत आले होते. उकंडरावांनी घास घेतला. भाजी चांगली झाली होती, आणि दुसऱ्यांदा वाढून मागताना त्यांना फार वाईट वाटलं.