जावयाचा निरोप समारंभ

माझा नवरा पोर्तुगालचा. आयुष्यभर फुटबॉल खेळला, डिफेंडर म्हणून. म्हणजे गोल करणारा नाही, गोल होऊ न देणारा. आधी तिकडची दुसऱ्या दर्जाची लीग, मग सायप्रस, शेवटी डब्लिनमधला एक छोटा क्लब. इथेच आमचं जमलं आणि इथेच त्याचा गुडघा गेला. यंदा करार नाही, असं क्लबनं फोनवर सांगितलं. झालं, संपलं! तेव्हापासून तो विमानतळाजवळच्या सँट्रीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये फोन समोर ठेवून बसायचा, कुठला तरी क्लब बोलावेल म्हणून. बुटांची बॅग दाराशी कायम तयार. कसा आहेस विचारलं की इथल्या लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे मजेत, म्हणायचा. डोंबलाचं ग्रँड!

मी थकले होते. दिवसभर ऑफिसचे कॉल, संध्याकाळी भांडी, आणि समोर हा असा. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यात जवळच्या एका क्लबनं लहान मुलांचा कोच म्हणून त्याला विचारलं होतं. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हणणं म्हणजे आपला खेळ संपला हे कबूल करणं, आणि तेवढं एक त्याच्या तोंडून निघत नव्हतं. तो नाही म्हणाला असता तर मीच बॅग उचलून निघाले असते, इतकी मी कावले होते.

अशात नागपूरहून आई आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. मी वैतागून तिला सांगितलं, "तुझा जावई रिटायर झालाय."

"रिटायर? या वयात? माय वं! मंग निरोप समारंभ कधी झाला?"

"नाही झाला."

"शाल-श्रीफळ, फोटो, काहीच नाही? अन् चार्ज कोणाले देल्ला?"

चार्ज! निवृत्त होताना आई कपाटांच्या किल्ल्यांपासून खडूंच्या खोक्यांपर्यंत सगळं नव्या बाईंच्या हवाली करत बसली होती. चार्ज दिल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. मी हसत हसत त्याला याचा अर्थ समजावला. तो हसला नाही. "आईंना सांग," म्हणाला, "कुणी मागितलाच नाही."

रविवारी दुपारी आईनं त्याला खुर्चीत बसवलं. कपाळाला टिळा लावला, हातात नारळ दिला आणि स्वतःची शाल त्याच्या खांद्यावर घातली. एरवी ती शाल इथल्या उन्हाळ्यातही तिच्या अंगावरून उतरत नसे. मी म्हटलं, "आई, पुरे गं आता."

"तू गप. मी सूत्रसंचालन करून राहिली ना!"

मग तिनं उभं राहून रीतसर भाषण केलं. मी कंटाळत भाषांतर करत होते. "आमच्या जावयानं इतकी वर्षं लोकायले अडवलं. नाक फुटलं, गुडघा गेला, पण हटले नाही." मध्येच थांबून तिनं विचारलं, "गोल किती केले म्हणा?"

"एक," तो म्हणाला. "आमच्याच गोलात."

आई जरा विचारात पडली. "असू द्या. एवढ्या नोकरीत एखादी चूक होतेच माणसाची. आता सत्कारमूर्तींचं मनोगत."

तो उठला. नारळ दोन्ही हातांत घट्ट धरलेला. डोक्यावरून विमान चाललं होतं, त्याचा आवाज विरेपर्यंत तो थांबला. "मी बरा डिफेंडर होतो," तो म्हणाला. "फार मोठा नाही, पण बरा. आता संपलं." आणि ढसाढसा रडायला लागला. मलाही रडू फुटलं. इतक्या दिवसांत 'संपलं' हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. आईनं भाषांतराची वाट पाहिली नाही. एकटीच टाळ्या वाजवत राहिली.

संध्याकाळी त्यानं मला एक मराठी वाक्य विचारून घेतलं आणि स्वयंपाकघरात फिरत घोकत राहिला. सोमवारी सकाळी त्या मुलांच्या क्लबला फोन करून हो म्हणाला. मी लॅपटॉप उघडत होते, आई चहा गाळत होती. त्यानं दाराशी पडलेली बॅग खांद्याला लावली.

"कुठं निघाले जावईबापू?" आईनं विचारलं.

लंगडतच तो वळला आणि एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाला, "आई, चार्ज देऊन येतो."