नमुन्याचा फोन

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही. मुलीने एकदा सरळ विचारलं, तेव्हाही "धंद्यात असंच असतं" म्हणून विषय बदलला. आता सत्तरी उलटली आहे. ज्याला ती सांगायला हवी तो मुलुंडला माझ्या फोनची वाट बघतो आहे, म्हणून निदान लिहून तरी काढतो.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची मोबाइल बनवणारी छोटी कंपनी होती. बनवणारी म्हणजे सुटे भाग बाहेरून आणून जोडणारी आणि वर आपलं नाव छापणारी. मी तिथे हिशेबाचा प्रमुख होतो. लोकांना वाटतं, फोन विकला की पैसा मिळतो. आमच्या स्वस्त फोनमागे जे सुटायचं ते दोन वडापावांत संपलं असतं. खरी कमाई नंतरची. आधीच भरून दिलेली अ‍ॅप आणि गिऱ्हाइकाने फोनवर काही शोधलं की मिळणारा वाटा. तो वाटा कोण आणि किती देणार, हे फोन चालवणारी आतली सिस्टीम कोणाची आहे त्यावर ठरायचं.

एक मोठी परदेशी कंपनी आपली सिस्टीम फुकट द्यायची. अट एकच, तुमच्या नावाच्या एकाही फोनमध्ये दुसरी सिस्टीम असता कामा नये.

आमच्याकडे दुसरी होती. ती माझ्या मित्राने बनवली होती. चांगली नोकरी सोडायला लावून त्याला इथे मीच ओढून आणलं होतं. वडील गिरणीत, आई वाकोल्याच्या खोलीत पापड लाटणारी, असं त्याचं घर. आईला वाचता येत नव्हतं. तिला एकटीला वापरता येईल असा बोलणारा फोन त्याला करायचा होता, आणि तोही मालवणीत बोलणारा. आवाजासाठी त्याने आईलाच ऑफिसात आणलं. मीटिंगच्या खोलीतला एसी बंद करून, घाम पुसत पुसत, ती माउली त्याने सांगितलेलं एकेक वाक्य बोलली.

नमुन्याचा पहिला फोन तयार झाला तेव्हा त्याने तो आईच्या हातात दिला आणि आपल्या फोनवरून रिंग दिली. फोन बोलला, "धाकट्या झिलाचो फोन इलो हा. उचल." झील म्हणजे मुलगा.

ती दचकली. "ही कोण रे बाई? माझ्या झिलाक झील म्हणता!"

"आये, तूच ती."

"मी? शी! माझो आवाज असो घोगरो? मेल्या, दुसरी कोण तरी बघ."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो.

पण मालाडच्या आमच्या दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं, "साहेब, फोन बोलतो ते झकास. पण गिऱ्हाईक विचारतं, बाकीची अ‍ॅप चालतात का? नाही म्हटलं की खोका परत ठेवतं." अ‍ॅप बनवणारे आमच्या एवढ्याशा कंपनीसाठी वेगळं काही करणार नव्हते. मित्राची सिस्टीम बंद करायची हे मालकांनी आणि मी गणपतीआधीच ठरवलं होतं. ती निवड चुकली असं मला आजही वाटत नाही. दुसरा रस्ताच नव्हता.

मी त्याला सांगितलं मात्र नाही. साडीच्या दुकानातून बायका उठून निघाल्यासारखं करतात ना, तसं करायचं होतं. यांच्याकडे स्वतःचं काही तयार आहे असं समोरच्यांना वाटलं, तरच आमचा वाटा वाढणार होता. म्हणून मी उलट त्याच्या मागे लागलो. "दिवाळीआधी पुरं कर, वर मी बोलतो." त्याची माणसं रविवारीही येऊन बसू लागली. "तू आहेस म्हणून रे," असं तो म्हणायचा.

विमानतळाजवळच्या हॉटेलात त्या परदेशी कंपनीच्या लोकांशी बोलणी झाली. नमुन्याच्या फोनमध्ये धाकट्या मुलाच्या जागी माझा नंबर घालून मी तो टेबलावर ठेवला आणि खिशातल्या फोनवरून रिंग दिली. धाकट्या झिलाचो फोन इलो हा. पाहुण्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. ते हसले, मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं. पुढच्या बैठकीत आमचा वाटा वाढला होता. त्या बाईच्या आवाजावर मी भाव वाढवून घेतला.

सह्या झाल्या आणि मित्राचा विभाग बंद झाला. त्याचा लॅपटॉप त्याच दिवशी जमा करून घेतला. जिन्यात भेटला. "वाट लागली रे," एवढंच म्हणाला.

"मी खूप भांडलो," मी म्हणालो. "वरच्यांनी ऐकलं नाही."

हे मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने, माझ्या.

करारात लिहिल्याप्रमाणे नमुन्याचे सगळे फोन आतून पुसून कोरे करायचे होते. शेवटचा माझ्या टेबलावर होता, तो मीच नेऊन दिला. पुढे तीच फुकटची सिस्टीम घालून आमच्याहून स्वस्त चिनी फोन आले आणि आमची कंपनीही गेली.

गेल्या वर्षी त्याची आई वारली. भेटायला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "हे नेहमी सांगतात भावोजी, ऑफिसात तुम्ही एकटेच यांच्यासाठी उभे राहिलात."

मित्र फोटोकडे बघत होता. "व्हिडिओ आहेत रे तिचे. पण कॅमेरा लावला की पदर सारखा करून गप्प बसायची. तो नमुन्याचा फोन तुझ्याकडे असेल ना? वरच्यांना दाखवायला तूच नेला होतास. तिचा आवाज तेवढ्यातच आहे."

तेव्हा बोलायला हवं होतं. कप हातात होता, वहिनी समोर होत्या. मी म्हटलं, "शोधतो."

त्यानंतर त्याचे फोन येतात. बरेचदा मी वाजू देतो. तो फोन नाही, मीच पुसायला दिला, मी तुझ्यासाठी कधी भांडलोच नाही, मला माफ कर, एवढंच म्हणायचं आहे. परवा मनाशी सगळं जुळवून फोन उचलला.

"मिळाला रे?" त्याने विचारलं.

"अजून एक कपाट राहिलंय," मी म्हणालो.