बाबांनी पाण्याचं विचारलं नाही

मुंबईच्या विमानतळावर पोचवायला आलेल्यांना काचेच्या आत येऊ देत नाहीत. बाबांना हे पक्कं माहीत होतं, तरी ते ट्रॉली ढकलत थेट दारावरच्या जवानापर्यंत आले. त्याने हात आडवा केल्यावर तिथवरच यायचं ठरलं होतं अशा थाटात थांबले. सांगलीहून निघताना आईने हातावर दही ठेवलं होतं, साताऱ्यापर्यंत तिचे डोळे पुसून झाले होते, पुण्याच्या पुढे बॅगेच्या वजनावरून आमचं भांडणही झालं होतं, त्यामुळे दाराशी बोलायला कोणाकडेच काही उरलं नव्हतं. बाबा म्हणाले, "पोचल्यावर कळव." मी मान हलवली आणि आत गेले.

तुम्हीही असंच कोणाचं तरी ऐकून निघाला असाल, किंवा कोणाला तरी असंच म्हणून घरी परतला असाल. मी बापडी कळवत गेले. पोचले. जेवले. खोली मिळाली. पहिला पेपर बरा गेला. या कळवण्याचा रस्ता एकाच बाजूने चालू आहे, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

अमेरिकेतल्या पहिल्याच सेमिस्टरला माझ्या परीक्षेच्या दिवसांत आजोबा गेले. मला कळलं ते तेराव्याचं जेवण उरकल्यावर. तोवर रोज व्हिडिओ कॉल चालू होते. आजोबा झोपलेत, आजोबा आत्याकडे कोल्हापूरला गेलेत, आजोबांना आता ऐकू कमी येतं म्हणून ते फोनवर येत नाहीत, असं आई सांगत होती आणि मी 'बरं' म्हणत होते. खरं सांगितल्यावर ती म्हणाली, "तुझी परीक्षा होती ना गं." तिच्याशी भांडायचं तरी कसं. ज्या बाईने रडू गिळून रोज माझ्याशी हसत गप्पा मारल्या, तिला मी काय बोलणार होते. पण त्या दिवसापासून 'इकडे सगळं ठीक आहे' या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

इकडे आलेल्या सगळ्यांकडे अशी एक तरी गोष्ट असते. माझी रूममेट रेणुका पुण्याची. तिच्या आईचं मोठं ऑपरेशन झालं आणि हिला टाके निघाल्यावर समजलं. कोणाकडे घर विकून झाल्यावर सांगतात, कोणाकडे कुत्रा गेल्याचं सहा महिने सांगत नाहीत. सगळं प्रेमापोटीच. पोर लांब आहे, एकटं आहे, उगाच जिवाला घोर कशाला.

आणि पोरंही काही कमी नसतात. शेवटच्या वर्षी जानेवारीत मी कॅम्पसवर भाड्याच्या स्कूटरवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत निळं प्लास्टर. घरी काय सांगितलं? काहीच नाही. महिनाभर डाव्या हातात फोन धरून फक्त तोंड दाखवत बोलले. रेणुकाने भाज्या चिरून दिल्या, आमचा नागपूरचा मित्र संकेत याने त्याच्या खटारा गाडीतून दवाखान्यात नेलं-आणलं, आणि सांगलीला त्यातलं काही पोचलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

त्याच वर्षी, नोकरी मिशिगन राज्यात नोव्हाय नावाच्या गावी नक्की झाल्यावर, आम्ही तिघांनी वीकएंडला फिरायला जायचं ठरवलं. रेणुकाला स्पेन बघायचं होतं. तेवढी सुट्टी कोणाकडे नव्हती आणि व्हिसाच्या भानगडीमुळे देशाबाहेर पाऊल टाकायची आमच्यात कोणाची हिंमतही नव्हती. संकेत म्हणाला, "यार, स्पेन झेपत नाही तर स्पेनची ब्रँच बघून येऊ ना." ब्रँच म्हणजे सेंट ऑगस्टीन. आमच्या युनिव्हर्सिटीपासून गाडीने दोन तासांवर, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं गाव. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, घोडागाड्या, आणि समुद्राच्या तोंडावर दगडी किल्ला.

किल्ला म्हटल्यावर बाबांना सांगितल्यावाचून कसं राहवणार? बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली आणि सगळे रविवार गडांवर. वर पोचल्यावर बाकीचे लोक वारा खात उभे राहतात, आमचे बाबा आधी पाण्याचं टाकं शोधतात. "तट कितीही जाड असू दे, आत पाणी नसेल तर आठवड्यात दार उघडावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी लहानपणी ते प्रत्येक गडावर ऐकलंय, आणि आता ते बोलतील हे कळून त्यांच्याआधी म्हणूनही दाखवलंय. या किल्ल्याचं ऐकल्यावर त्यांनी दोन दिवसांत त्याची माहिती काढली. तट शिंपल्यांच्या दगडाचा आहे म्हणाले. तोफेचा गोळा आला की दगड फुटायचा नाही, गोळाच आत रुतून बसायचा. "जवळून फोटो काढ. आणि पाण्याचं बघ."

आई मात्र त्या आठवड्यात वेगळीच वागत होती. गुरुवारी म्हणाली, "जा गं, निवांत फिर. सारखे फोन करत बसू नकोस." माझ्या मेसेजला तासभर दुसरी टिक लागली नाही तर रेणुकाला फोन लावणारी ही बाई. मला ते खटकलं, पण पॅकिंगच्या गडबडीत मी ते सोडून दिलं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही किल्ल्यात होतो. सांगलीत तेव्हा संध्याकाळ. खंदकावरचा पूल ओलांडून आत गेलं की मधे मोठं अंगण, वर जायला जिना आणि वर रुंद तटावर तोफा. दगडात खरंच शिंपले दिसत होते, बोट फिरवलं की रेती हाताला यायची. मी दहाबारा फोटो पाठवले. आईचा अंगठा आला. बाबांचं काहीच नाही. मला वाटलं, आता येईल: तटाची जाडी किती, बुरूज किती, पाणी कुठाय. मी तटावरून एक चक्कर मारून आले. तरी काही नाही.

मग मी बाबांना फोन लावला. तो आईने उचलला.

"बाबा देवळात गेलेत," आई म्हणाली.

आमचे बाबा आई ढकलते तेव्हा वर्षातून एकदा देवळात जातात, आणि फोन खिशात घालून जातात. मी काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी, ते औषधाचं कुठं ठेवलंय?" आवाज आत्याचा होता. आत्या कोल्हापूरहून आमच्याकडे दोनच कारणांनी येते, लग्न आणि आजारपण. घरात लग्न नव्हतं. आई घाईघाईने म्हणाली, "रेंज जातेय गं, नंतर बोलू," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना.

मी तिथेच एका तोफेला टेकून खाली बसले. आजोबा झोपलेत. आजोबा आत्याकडे गेलेत. बाबा देवळात गेलेत. सगळं त्याच चालीत होतं. किती दिवसांपासून चाललंय, बाबा कुठल्या हॉस्पिटलात आहेत, की आता हॉस्पिटलाचंही काही उरलं नाही, इथवर माझं मन क्षणात जाऊन आलं. समोर समुद्र लख्ख चमकत होता आणि लोक एकमेकांचे फोटो काढत होते.

रेणुका शेजारी बसली. "लगेच वाईट विचार करू नकोस गं. काहीही असू शकतं."

"आजोबांच्या वेळी हेच केलं होतं यांनी."

संकेत उभाच होता. तो म्हणाला, "जायचं आहे का? तेवढं सांग. मी फ्लाइट्स चेक करतो."

"अरे, असं कसं जाईल?" रेणुका म्हणाली. "तिचा व्हिसा एक्स्पायर झालाय. बाहेर पडली तर नवीन मिळेपर्यंत परत येता येणार नाही. आणि तो कधी मिळेल ते कोण सांगणार? जॉब गेला तर?"

"ते मागून पाहू ना. काका मोठे का जॉब मोठा?"

दोघंही बरोबर होते. इथे राहायला कायद्याने माझी काही अडचण नव्हती, फक्त देशाबाहेर पडायचं नव्हतं. एकदा गेलं की दोन वर्षांचा अभ्यास, नोव्हायची नोकरी, नोव्हायमध्ये आधीच बघून ठेवलेली खोली, सगळं हवेत. हे मला चांगलं माहीत होतं. तरी "जायचंय" हा शब्द तोंडातून बाहेर पडायला काही वेळ लागला नाही. त्या शब्दाचं मला आजही नवल वाटतं, कारण एरवी मी कुठलं आइस्क्रीम घ्यायचं यावर दहा मिनिटं घालवते.

संकेत फोनवर विमानं बघायला लागला. मधेच थांबून म्हणाला, "तिकीट काढायच्या आधी त्या आत्यांनाच डायरेक्ट कॉल कर ना. त्यांच्याकडे फोन असेल की नाही?"

हे मला सुचलंच नव्हतं. आत्याला काही लपवता येत नाही, हे आमच्या घरात सर्वश्रुत आहे. माझ्या वाढदिवसाला काय आणलंय ते ती मला आठवडाभर आधी सांगून टाकायची. आईने तिला फोनपासून लांब ठेवलं होतं ते उगाच नाही.

आत्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"आत्या, बाबा कुठे आहेत? खरं सांग. मी तिकीट काढतेय."

 मग आत्या म्हणाली, "तिकीट कशाला काढतीस बाई. मोतीबिंदू काढलाय सकाळी, मिरजेला. इथंच बसलाय की काळा चष्मा लावून, भडंग खात. तुझी आई माझ्यावर डोळे वटारायला लागलीय बघ."

मोतीबिंदू या शब्दाने कोणाला एवढा आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. मी रडायला लागले. रेणुकाला वाटलं संपलं सगळं, आणि तीही रडायला लागली. संकेतला काही कळेना, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"कुणी सांगितलं तुला?" बाबांचा आवाज. चोरी पकडल्यासारखे चिडले होते. "एवढंसं तर ऑपरेशन. डॉक्टर मधे सुट्टीवर जाणार होते म्हणून आजचीच तारीख घेतली. म्हटलं, तू फिरायला गेलीयेस, तिथे बसून रडशील."

"आत्ता काय करतेय मग? बाबा, आजोबांच्या वेळीही तुम्ही असंच केलंत."

 बाबा म्हणाले, "ते चुकलं आमचं." बाबांच्या तोंडून मी हे आधी कधी ऐकलं नव्हतं. माझा राग तिथेच विरघळला. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण तू तरी कुठे सांगतेस? जानेवारीत महिनाभर फोन डाव्या हातात का असायचा? तू तर उजव्या हाताची. प्लास्टर कधी निघालं?"

मी रेणुकाकडे पाहिलं. तिने मी नाही सांगितलं म्हणून जोरात मान हलवली.

"आईला मी काही बोललो नाही," बाबा म्हणाले.

"काय बोलला नाहीत?" मागून आई.

पुढची पाच मिनिटं मला बोलायची गरज पडली नाही. सांगलीतच जुंपली होती. संकेत हसून हसून तटावर आडवा व्हायचा बाकी होता, आणि त्याच वेळी पलीकडे जुन्या स्पॅनिश शिपायांच्या वेशातल्या माणसांनी पर्यटकांसाठी तोफ उडवली. आत्या घाबरून म्हणाली, "काय फुटलं गं तिकडं?"

सगळं निवळल्यावर बाबा म्हणाले, "मग आता ठरलं. तूही कळवायचं, आम्हीही कळवायचं. त्याच दिवशी. लहान असो, मोठं असो." मी हो म्हटलं. "आणि पाण्याचं काय? आत विहीर आहे का?"

मी पाहिलंच नव्हतं. "मग बघितलंस काय एवढा वेळ?" बाबा म्हणाले. मी जिना उतरून अंगणात गेले. अंगणात खरंच विहीर होती. फोटो काढायला लागले तर बाबा म्हणाले, "फोटो नको. आज दिसत नाही मला. सांग." मग मी त्यांना सगळा किल्ला सांगितला. विहीर कुठे, जिना किती रुंद, समुद्र तटापासून किती जवळ, शत्रू आला की गावातली माणसं आत येऊन कुठे राहत असतील. मी इतकं बारकाईने कधीच काही पाहिलं नव्हतं. बाबा मधूनमधून "हं" म्हणत होते आणि मला त्या प्रत्येक "हं"ने बरं वाटत होतं.

दुपारी आम्ही गल्लीत हिंडलो, चुरो खाल्ले. ते साखरेत घोळवलेल्या जाड शेवेसारखे लागतात, पण त्या दिवशी मला ते अमृत वाटले. रेणुकाने एका झाडाखाली उभं राहून घरी फोन लावला आणि "आई, खरं सांग, सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. तिच्या आईने घाबरून "तुला काय झालंय?" म्हणून तिचीच उलटतपासणी घेतली.

आता नोव्हायला येऊन बरीच वर्षं झाली. ठरलेलं आम्ही पाळतो, कधी कधी जरा जास्तच. भर मीटिंगमध्ये बाबांचा मेसेज येतो की दाढ काढली, रक्त थांबलं. आईची शुगर, आत्याचा गुडघा, समोरच्या काकूंचा बीपी, सगळं येतं. मीही शिंकले तरी कळवते. पूर्वी आमचे फोन गोड आणि छोटे असायचे, आता लांबतात आणि त्यात कुरकुर फार असते. तिकडे राहिलेल्यांनी आणि इकडे आलेल्यांनीही हे एकदा करून बघावं. काळजी काही कमी होत नाही, पण ती खऱ्या गोष्टीची असते.

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे येऊन गेले. डेट्रॉइटच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले तेव्हा सिक्युरिटीच्या पट्टीपाशी मला थांबवलं. या वेळी आत जाणारे ते होते आणि बाहेर उभी मी. आईचे डोळे पुसून झाले होते, बॅगेवरून भांडण झालं होतं. मी म्हटलं, "पोचल्यावर कळवा."

दोन दिवसांनी सकाळी चहा करताना बाबांचा मेसेज आला. "पोचलो. आईचे पाय सुजलेत. माझी बॅग आली नाही. नळाला चार दिवस पाणी नाही म्हणे, टाकीत थोडं आहे. बाकी उद्या." तो वाचून मी निवांत खुर्चीत बसले, आणि सांगलीच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून चहा पितेय असं मला वाटलं.