उंच गाडी, सुकलेला खुबा

मी सव्वासहा फूट उंच आहे. नागपुरात एवढ्या उंच माणसाला कोणी सुखानं जगू देत नाही. हिंगण्याच्या कारखान्यात होतो तेव्हा गेटवरचा माणूस रोज विचारायचा, "काय गा लंबू, वरतं ऊन किती हाय?" रोज तोच जोक, आणि रोज स्वतःच हसायचा. पण खरा छळ केला तो मोटारसायकलींनी. त्या बनवणाऱ्यांनी लांब पायांचा माणूस जन्मात पाहिला नसावा. वळण घेतलं की हँडल गुडघ्यावर आपटायचं. तरी तसल्याच गाडीवर मी आणि बायको चिखलदरा, पचमढी, भेडाघाट सगळं फिरलो. बायको जेमतेम पाच फूट. माझ्या पाठीमागे ती दिसायचीसुद्धा नाही. पुढचा रस्ता तिनं कधी पाहिला नाही, सगळा प्रवास उजव्या-डाव्या बाजूची शेतं बघत केला.

कोरोनात मी वाचलो. ज्या औषधांनी वाचलो त्यांनीच बहुतेक खुब्यांची हाडं सुकवली, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पोचत नाही, हाड आतल्या आत ढासळतं. दोन्हीकडे तेच, उजवीकडे जास्त. "सांधे बदलावे लागतील. उजवा लवकर करू."

"आणि मोटारसायकल?"

"मोटारसायकल आता विसरा."

विसरा म्हणे! चष्मा विसरल्यासारखं. घरी आलो तो धुसफुसतच. बायकोला सांगितलं, ऑपरेशन करतो, पण त्याच्या आधी अमरकंटक. नर्मदा निघते ती जागा तिला बघायची होती आणि दर हिवाळ्यात मी "पुढच्या वर्षी" म्हणत आलो होतो. आल्यावर काय कापायचं ते कापा.

"बसनं जाऊ न," ती म्हणाली.

"बसनं जाण्यापेक्षा मेलेलं बरं."

ती भाजी निवडत राहिली.

मग गाड्या बघणं सुरू झालं. बुटक्या, आरामशीर म्हणतात तसल्या गाडीवर बसलो तर पाय पुढे ताणले जायचे आणि खुब्यात कळ यायची. साध्या गाडीवर गुडघे दुमडले की जीव जायचा. शेवटी एका शोरूममध्ये लांबच्या प्रवासाची उंच गाडी सापडली. विकणाऱ्यानं माझा उजवा पाय हातानं उचलून पलीकडे टाकून दिला. मी बसलो. गुडघे मोकळे, पाठ सरळ, खुबा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा एक गाडी माझ्या मापाची होती. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

गोम अशी की बसल्यावर जे सुख, ते चढताना दुःख. लांब पायांना उंच सीट पाहिजे आणि सुकलेल्या खुब्याला बुटकी. एकाच अंगात दोन माणसांची मापं. मी बसणाऱ्याची बाजू घेतली. इथंच जरीपटका भागात सीट बनवणारा एक जण आहे, त्याच्याकडून आत घट्ट फोम घालून सीट आणखी उंच करून घेतली.

"काका, इसपे चढोगे कैसे?" त्यानं विचारलं.

"तू सीट कर बे."

हँडलखाली ठोकळे घालून ते वर आणलं. पाय ठेवायचे दांडे खाली घेतले, ब्रेकची पट्टीही त्यांच्या हिशेबानं खाली. दर बदलानंतर बसणं सुधारत गेलं. चढण्याचं मी कोणाजवळ बोलत नव्हतो.

चढायला ओटा होता. घरासमोरच्या ओट्याला गाडी खेटून उभी करायची, डावा पाय ओट्यावर, मग पँटची चिमूट धरून उजवा पाय सीटवरून ओढत पलीकडे न्यायचा. उतरायचंही तसंच. शेजारचे म्हणायचे, "काका, बँड बोलवू का? नवरदेव घोडीवर चढून राहिले." मीही हसायचो. ओट्यापासून ओट्यापर्यंत कॉलनीत चकरा मारल्या आणि मला वाटलं, जमलं.

"अमरकंटकापर्यंत ओटे कुठं हायेत?" बायकोनं विचारलं.

"हिंदुस्थानात ओट्याले काय कमी हाय वं? ढाबे हायेत, मंदिरं हायेत, पुलाचे कठडे हायेत."

एका रविवारी सकाळी खाप्याला निघालो. कन्हान नदीच्या काठापर्यंत जाऊन यायचं, गाडीची आणि माझी परीक्षा. ओट्यावरून मी चढलो, मागून ती चढली. शहर सुटलं, थंडगार हवा लागली, खाली इंजिन एका सुरात. खुबा दुखत नव्हता. देवाशप्पथ सांगतो, मी आजारी नव्हतो. पाठीमागून ती काहीतरी सांगत होती, बहुधा संत्र्याच्या बागेबद्दल, आणि मी न ऐकताच "हो हो" म्हणत होतो. आम्ही चिखलदऱ्याला जायचो तेव्हाचं सगळं जसंच्या तसं होतं.

मग पेट्रोलचा काटा खाली आलेला दिसला. सीट-हँडलच्या कामाला गाडी नेणं-आणणं माझा मेहुणा करायचा, टाकीही तोच भरून आणायचा. इतकी मापं घेतली, रस्त्यातले ओटे मोजले, पण पंपावर उतरावं लागतं हे डोक्यातच आलं नाही. वा रे शहाण्या!

बायको दांड्यावर पाय देत कशीबशी खाली उतरली. पंपावरचा म्हणाला, "काका, उतरा."

"असंच टाक."

"उतरल्याशिवाय नाही टाकत. रूल हाय."

"रूल मले नको शिकवू. टाकतो का जाऊ?"

"जा न मंग!"

मागे रांग लागली होती. हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, "ओ काका, काहून अडवून राहिले? उतरा न!" मी हँडल आवळून समोर बघत राहिलो. रागानं कान तापले होते. पंपावरच्याला दोन शिव्या हासडणार, तेवढ्यात बायको त्याच्याशी बोलली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"त्यायच्यानं उतरनं होत नाही, भाऊ. पाय गेले त्यायचे."

घरात हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं. मीही नाही.

हॉर्न थांबले. तेच जास्त लागलं. ओरडणारा माणूस स्वतःची गाडी लावून आला, आणखी दोघं आले. "काका, टेन्शन नका घेऊ," म्हणत एकानं काखेत हात घातले, एकानं गाडी धरली, तिसऱ्यानं माझा उजवा पाय सांभाळून सीटवरून अलीकडे आणला. लहान पोराला उतरवतात तसं सव्वासहा फुटांच्या माणसाला उतरवलं. कोणी हसलं नाही. पेट्रोल भरून झालं. मग तसंच सगळ्यांनी मिळून मला वर चढवलं.

"कुठं चालले काका?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं.

मी खापा म्हणणार होतो.

"घरी," बायको म्हणाली.

मी गाडी वळवली. मला तिचा राग आला होता. चार लोकांत माझी इज्जत काढली म्हणून आला, आणि ती खरं बोलली म्हणून जास्त आला. मी रडत होतो, हेल्मेटची काच खाली होती तेवढं बरं.

घरी ओट्याला गाडी लावली, स्टँड टाकला, इंजिन बंद केलं. ती उतरून ओट्यावर उभी राहिली. मी उतरलो नाही. एकदा उतरलो की परत चढणार नाही, हे मला कळत होतं. ती "चला" म्हणेल असं वाटलं, म्हणजे तिच्यावर खेकसता तरी आलं असतं. ती तसं म्हणाली नाही. पदर खोचून परत माझ्यामागे येऊन बसली.

गाडी जागच्या जागी उभी. समोर शेजाऱ्याची भिंत. तिनं नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाजूनं दूधवाला गेला, आमच्याकडे बघत बघत.

"आलो न अमरकंटकाहून, कसं होतं जी?" ती मागून म्हणाली.

मी किल्ली काढली.

"चांगलं होतं," मी म्हटलं.

"मंग झालं," ती म्हणाली, आणि माझ्याआधी उतरून मला हात द्यायला ओट्यावर उभी राहिली.