सवाष्णीच्या हातचे मणी

मुक्ताबाईचा हात माझ्यापेक्षा दसपट चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे कौतुक झालं ते माझं, आणि मी ते गुपचूप पदरात घेतलं.

केडगावात बायकांसाठी काचेचे मणी करायला शिकवणारा महिनाभराचा वर्ग निघाला. आमचे हे राहुरीच्या विद्यापीठातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात, तेव्हा मला बाहेर पडायला निमित्तच हवं होतं. मुक्ताबाई मात्र ठरवून आली होती. मूळची पाथर्डीकडची. नवरा अजिनाथ ऊसतोडीवर असताना ट्रॅक्टरखाली गेला, तेव्हा मुलगी धनश्री आठ वर्षांची. लोकांच्या घरी चपात्या लाटून हिने तिला नर्स केलं.

काम दिसायला सोपं. काचेची कांडी ज्योतीत धरायची, वितळली की सळईला तिचा वेढा द्यायचा आणि सळई फिरवत राहायची. हात थांबला की मणी एका बाजूला ओघळतो. माझे चपटे व्हायचे, नाहीतर गार होताना तडकायचे. मुक्ताबाईचे ज्वारीच्या दाण्यासारखे एकसारखे. शिकवणारी स्नेहल तिला लाल, निळी काच देऊन थकली. ही काळीच मागायची.

एक दिवस मी कारण विचारलंच.

"धनूचं लगीन ठरलंय," ती म्हणाली. "तिच्या गळ्यात माज्या हातचं मनी पडावं, एवढंच मनात हाय."

"मग द्या की."

"मंगळसूत्र सासरचं लोक आनत्यात, ताई. आन् रांडमुंड बाईच्या हातचं काळं मनी कोन घेतंय? तिची सासू, बनुबाई, लई कडक हाय. आपला वर्ग नगरच्या प्रदर्शनात मनी मांडनार हाय न्हवं, तितंच ती मनी घ्यायला येनार हाय. तुमी सवाष्ण. तुमीच केलं म्हना."

मला संताप आला. बनुबाईचा आलाच, पण हिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं याचा जास्त आला. तरी मी हो म्हणाले. भांडायची हिंमत माझ्यातही नव्हती, आणि फुकटचा मान कुणाला नको असतो?

प्रदर्शन नगरच्या एका मंगल कार्यालयात होतं. लांबलांबचे व्यापारी मण्यांच्या माळा टांगून बसलेले. आमच्या वर्गाला कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं होतं. दुपारी बनुबाई आली, सोबत धनश्री, आणि दोन पावलं मागे मुक्ताबाई. सगळं प्रदर्शन पालथं घालून, नाकं मुरडून बनुबाई आमच्यापाशी थांबली. तिने ते काळे मणी तळहातावर घेतले.

"ह्ये कुनाच्या हातचं?"

"माझ्या," मी म्हणाले.

"मालक हायेत ना?"

"आहेत."

तिचा चेहरा सैल पडला. तिने धनश्रीपुढे हात केला. धनश्रीने मणी पाहिले, मग आईची बोटं पाहिली. महिनाभर त्या बोटांना भाजल्याचं मलम तीच लावत होती. पोर शिकलेली, दवाखान्यात रोज दहा माणसांशी धीटपणे बोलणारी. आता ही बोलेल, असं मला वाटलं. बोलली असती, तर मीही लाज सोडून खरं सांगितलं असतं.

"काकूंचा हात छान आहे," धनश्री म्हणाली आणि सासूच्या पिशवीत पैसे शोधू लागली.

मुक्ताबाई हसली. अगदी मनापासून हसली. तेच माझ्याने बघवेना.

लग्नात बनुबाईने मला मुद्दाम पुढे बसवलं. माझी ओटी भरली, साडी दिली. कन्यादान मामाने केलं. मुलीची आई खांबाच्या आड, अक्षता मुठीत धरून उभी. मंगळसूत्र बांधलं, तशी शेजारची एक बाई वाकून बघत म्हणाली, "मनी किती सारखं हायेत गं. कुनी केलं?"

मी तोंड उघडलं. समोर धनश्रीने मान खाली घातली होती.

माझ्या आधी मागून मुक्ताबाईच म्हणाली, "ह्या ताईंनी. लई गुनाचा हात हाय त्यांचा."

मी मान डोलावली.